तिसऱ्या बाकावरची हजेरी

मुलांनो, एक बाक डोळ्यांसमोर आणा. वर्गातला नव्हे, टेकडीवरच्या बागेतला. सिमेंटचा, टेकायची पाठ एका कोपऱ्यात फुटलेली, आणि त्या फुटक्या जागेतून आतली गंजकी सळई डोकावते आहे. बाकामागं कडुलिंब. समोर चढाचा रस्ता, तो थोडा पुढं जाऊन डावीकडं वळतो आणि दिसेनासा होतो. वळणापलीकडं काय आहे ते बाकावर बसून दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. बुटांचे आवाज, कुणाच्या तरी खिशातल्या मोबाइलवरचं भजन, बायकांचं हसणं. आता त्या बाकावर एक म्हातारा बसवा. घाई करू नका, त्याला बसायला वेळ लागतो. आधी तो काठी बाकाला टेकवून ठेवतो, मग डावा हात सिमेंटवर दाबतो, मग कमरेतून हळूहळू खाली येतो, जणू खाली बाक असेलच याची त्याला खात्री नाही. बसल्यावर तो तोंड मिटून नाकानं श्वास घेतो. छातीला तो पुरत नाही, तरी तोंड उघडत नाही, कारण छत्तीस वर्षं तो शाळेत मास्तर होता आणि पोरांसमोर धापा टाकायच्या नसतात. दिसला? त्याचं नाव चंद्रभान. हिवरखेडला, त्याच्या गावी, त्याला अजून सगळे गुरुजीच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

तर गुरुजींना कालपासून एक वाक्य टोचत होतं. वाक्य साधं होतं, आणि म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. काल संध्याकाळी गुरुजी लेकीबरोबर, दामिनीबरोबर, कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीपाशी उभे होते. दामिनी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी नाकाशी नेऊन बघत होती. तेवढ्यात वामनराव आले, सकाळी टेकडीवर भेटणारे, वकिली सोडून दहा वर्षं झाली तरी आवाज कोर्टातलाच. त्यांनी गुरुजींच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "अजी गुरुजी, त्या तिसऱ्या बाकाचा सातबारा तुमच्या नावानं झाला का? महिना झाला पाहून राहिलो, त्याच्यापुढं काही तुमी सरकतच नाही." आणि हसत हसत निघून गेले. दामिनीचा हात थांबला. तिनं जुडी खाली ठेवली, पुन्हा तीच उचलली, आणि पिशवीत टाकली. दोघं घरी आले. जिन्यावर दुसऱ्या मजल्याला गुरुजी नेहमीप्रमाणे चपलेचा अंगठा नीट करायला वाकले, म्हणजे थांबले, तेव्हा ती दोन पायऱ्या वर उभी राहून त्यांच्या चपलेकडं बघत राहिली. त्या चपलेला अंगठा नव्हता, पट्ट्याची चप्पल होती ती. जेवताना तिनं एवढंच सांगितलं की उद्या रविवार आहे, तर उद्या आचल येईल तुमच्याबरोबर टेकडीवर. मग आचलकडं वळून म्हणाली, वर पोचले की आबाचा फोटो काढून मले पाठवजो. आवाजात राग नव्हता. राग असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं.

गोष्ट अशी होती की गुरुजींना हिवरखेडला परत जायचं होतं. गेल्या पावसाळ्यात ताप छातीत उतरला, नत्थुजीनं, म्हणजे शेजाऱ्यानं, भल्या पहाटे कुणाची तरी गाडी करून त्यांना अकोल्याला नेलं, तिथून दामिनीनं अमरावतीला आणलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं पडद्यावर हलणारं काळंपांढरं काहीतरी दाखवलं आणि सांगितलं की हृदयाचं काम तीस टक्क्यांवर आलं आहे. गुरुजी म्हणाले, म्हणजे पाच मार्कांनी नापास. डॉक्टर हसला. दामिनी हसली नाही. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरची ती खोली, खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, आणि दर दोन तासांनी दारातून डोकावणारं कुणीतरी. जावई नितेश भला माणूस. टीव्हीचा आवाज कमी करतो, पाण्याची बाटली भरून ठेवतो. या भलेपणानंच गुरुजी थकून जात. हिवरखेडच्या घराला ओटा होता. ओट्याच्या भिंतीवर त्यांनी स्वतः काळा रंग दिलेला फळा होता. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी तिथं दहा-बारा पोरं येत, कुणी पाढे म्हणत, कुणी नुसतीच खडू खात. दुर्गाबाई होत्या तेव्हा त्या आतून ओरडत, ती कापूसवाल्याची पोट्टी पुन्हा खडू खाऊन राहिली, पहा. दुर्गाबाई गेल्या, पोरं येत राहिली. नत्थुजी फोनवर सांगायचा, पोरं विचारून राहिले गुरुजी कवा येतात म्हणून. गुरुजी फोन ठेवत आणि बराच वेळ त्यांच्या बोटांना खडूची भुकटी लागल्यासारखी वाटत राही. शेवटी एकदा दामिनी कंटाळून म्हणाली होती, "बाबा, ज्या दिवशी टेकडी चढून दाखवसान, त्या दिवशी जा हिवरखेडले. मी नाही म्हणणार नाही." म्हणताना तिला वाटलं असेल की हे काही होणारं नाही. गुरुजींना वाटलं, परीक्षा ठरली, अभ्यासक्रम मिळाला, आता काय ते आपल्या हातात.

पहिल्या दिवशी ते तिसऱ्या बाकापर्यंत आले आणि छातीत कुणीतरी ओला गोणपाट पिळावा तसं झालं. बसले. परत गेले. दामिनी कणीक मळत होती, तिनं मान वर न करता विचारलं, वरपर्यंत गेलते का? आणि गुरुजींच्या तोंडून "हाव", म्हणजे हो, असं गेलं. इतकं हलकं गेलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या 'हाव'ला सोबत लागली. वर वारा चांगला आहे, सगळं शहर दिसतं, लांब वडाळीच्या बाजूला धुकं होतं. हे सगळं त्यांनी खरंच पाहिलेलं होतं, फक्त चौतीस वर्षांपूर्वी. खोटं बोलतानाही तपशील चुकू नये, ही मास्तरकीची खोड. महिनाभरात दामिनीचा चेहरा मऊ पडत गेला. दसऱ्यानंतर बघू, इथपर्यंत ती आली. नत्थुजीनं ओट्याला चुना दिला, फळ्याला काळा रंग दिला, तसं कळवलंसुद्धा. आणि मग काल वामनरावांची थाप.

आज सकाळी आचल पुढं, गुरुजी मागं. आचल नऊ वर्षांची, दोन वेण्या, गळ्यात दोरीला अडकवलेला आईचा जुना फोन. ती दहा पावलं पळे, थांबे, मागं बघे, पुन्हा परत येई. एकाच रस्त्यावर ती गुरुजींच्या तिप्पट चालली असेल. पहिला बाक गेला. तिथं बसायची गरज नव्हती, तरी गुरुजींनी त्याच्याकडं ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं पाहिलं. चढ सुरू झाला की आधी पिंडऱ्या बोलतात, मग कानांत एक बारीक शिट्टी वाजू लागते, मग आजूबाजूचे आवाज भिंतीपलीकडून यावेत तसे येतात. दुसऱ्या बाकापाशी त्यांनी आचलला एक झाड दाखवलं, हा बेहडा, याचं फळ त्रिफळ्यात असते. झाड दाखवता दाखवता तीन श्वास मिळाले. ही त्यांची युक्ती जुनीच. शिकवायला लागलं की माणूस थांबला असं कुणी म्हणत नाही, शिकवतो आहे असं म्हणतात. पण आचल चलाख. तिनं बेहड्याकडं पाहिलं, मग आजोबांच्या मानेवरच्या उडणाऱ्या शिरेकडं पाहिलं, आणि काही न बोलता चालू लागली, या वेळी हळू. तिसरा बाक आला. गुरुजींनी ठरवलं होतं की आज इथं बघायचंच नाही. नजर सरळ वळणावर ठेवायची, मनात सत्तावीसचा पाढा म्हणायचा, आणि पार व्हायचं. सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशीला गोणपाट पिळला गेला. सत्तावीस चोक त्यांना आठवेना. काठी बाकाला टेकली, डावा हात सिमेंटवर आला.

बसल्यावर बराच वेळ काही नव्हतं. नुसतं आत-बाहेर, आत-बाहेर. डोळ्यांपुढं कडुलिंबाची सावली होती, तिच्यात उन्हाची नाणी हलत होती. त्यांना वाटलं, आपण थकलो आहोत ते चढानं नव्हे. इतके दिवस 'हाव' म्हणून थकलो आहोत. आणि तरीही, तोंड आपोआप बोलू लागलं. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, आचलच्या हातात दिली, आणि समजावून सांगितलं, अगदी गणित समजावून सांगावं तसं. तू वर जा. वर कठडा आहे, त्याच्यावर ही टोपी ठेव. मागं शहर येईल असा फोटो काढ. आईला पाठव. आईनं विचारलं तर आबा नळावर पाणी प्यायला गेले म्हणून सांग. आचल टोपी उलटीसुलटी करून बघत राहिली. आत घामाचं ओलं वर्तुळ होतं. तिनं विचारलं, "पण आबा, आईनं घरी गेल्यावर विचारलं तर मी काय सांगू?"

"सांगजो, आबा हजर होते म्हणून."

हा शब्द त्यांनी ठरवून वापरला नव्हता. दुसरे कितीतरी शब्द होते. पोचले होते, आले होते, चढले होते. पण छत्तीस वर्षं रोज सकाळी जो शब्द कानांवर पडला तोच जिभेवर आला. आणि तो बाहेर पडल्याबरोबर गुरुजींना आपण कुठं बसलो आहोत ते दिसलं. इतके दिवस बसत होते, पण दिसलं नव्हतं, किंवा दिसू दिलं नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी इथं बाक नव्हता. कडुलिंबाखाली एक सपाट दगड होता. कडुलिंब तोच की दुसरा, कोण सांगणार, पण वळण तेच, डावीकडचं. छातीच इथं संपते असं ते समजत होते. आता त्यांना शंका आली की छाती आणखी वीस पावलं चालली असती, पायच इथं थांबत होते.

"काहून चूप झाले, आबा?" आचल म्हणाली, आणि टोपी मांडीवर घेऊन शेजारी बसली. मग गुरुजी सांगू लागले. किती तोंडानं सांगितलं आणि किती मनातल्या मनात, हे त्यांना नंतरही नीट कळलं नाही. तेल्हाऱ्याच्या पलीकडच्या एका शाळेत ते होते तेव्हाची गोष्ट. अडतीस पोरं, एसटीची एक गाडी, आणि सहल. सकाळी गुरुकुंज मोझरी पाहिली, दुपारी अमरावती, शेवटी ही टेकडी. पोरांनी टेकडी कधी पाहिली नव्हती, त्यांच्या गावाकडं सगळी काळी सपाट जमीन, उंच म्हणजे कपाशीची पऱ्हाटी. वर्गात एक मुलगी होती, कौतिका. हातपाय काडीसारखे, डोळ्यांत नेहमी थोडी पिवळी झाक. तिचे सांधे दुखत. पुढं कधीतरी डॉक्टरांना तिच्या रक्तातला आजार सापडला, तेव्हा कुणाला माहीत नव्हता. थंडीच्या दिवसांत तिला सकाळी गुडघे मोकळे व्हायला वेळ लागे, म्हणून ती शाळेत उशिरा येई. हजेरीत तिचं नाव आलं की तिची मैत्रीण सिंधू मागच्या रांगेतून म्हणे, हजर गुरुजी. दहा मिनिटांनी कौतिका भिंत धरत धरत येई. गुरुजींना हे माहीत होतं. त्यांना ते आवडायचंसुद्धा. एका पोरीनं दुसरीसाठी एवढं करावं, याच्यात काय वाईट? रजिस्टरमध्ये ते 'ह' लिहीत.

त्या दिवशी टेकडी चढताना कौतिका या दगडापर्यंत आली आणि तिचे पाय थांबले. तोंड मिटून रडत होती, आवाज नाही. गुरुजींनी तिला दगडावर बसवलं. सांगितलं, आमी वर जाऊन येतो, तू इथंच बस, मी येईपर्यंत उठायचं नाही. तिनं मान हलवली. मग वर पोरांनी धुमाकूळ घातला, वारा होता, सगळं शहर दिसत होतं, वडाळीच्या बाजूला धुकं होतं. आणि कुणीतरी सांगत आलं की ड्रायव्हरनं गाडी मागच्या बाजूला उभी केली आहे, पलीकडच्या वाटेनंच उतरा, लवकर पडेल. पोरं धावत उतरली, त्यांच्यामागं गुरुजी. गाडीत चढून त्यांनी हजेरी घेतली, कारण ते नियमाचे पक्के. नाव, हजर. नाव, हजर. कौतिका. क्षणभर काही नाही. मग मागून, हजर गुरुजी. सिंधूनं खोटं बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. नाव आलं, कुणी बोलेना, जीभ रोजच्यासारखी हलली. पण गुरुजींचं काय? तो आवाज कौतिकाचा नव्हता हे कानाला कळलं होतं. रोज कळत होतं. हातानं रोजच्यासारखा 'ह' लिहिला.

वलगावला गाडी थांबली. चिवड्याच्या पुड्या वाटल्या. अडतीस आणलेल्या, आणि एक उरली. गुरुजींनी ती पुडी हातात धरली आणि ती एकदम जड झाली. मागच्या सीटवर सिंधू हुंदके देऊ लागली. गाडी उलटी फिरवली. ऊन उतरलं होतं, टेकडीवरची माणसं घरी निघाली होती. गुरुजी हा चढ तेव्हा पळत आले, त्यांना अजून आठवतं, छातीला काही झालं नव्हतं. कौतिका दगडावर होती, गुडघे जवळ घेतलेले, डोळे त्या वळणावर. तिचा झगा ओला होता, दगडावरून एक ओघळ मातीत जाऊन सुकला होता. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "गुरुजी, मी उठली नाई."

कुणी रागावलं नाही. कौतिकाचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत आला, गुरुजींनी पोरीला परत जाऊन आणलं म्हणून हात जोडून गेला. त्या जोडलेल्या हातांचं काय करायचं ते गुरुजींना आजवर कळलं नाही. त्यांनी हजेरीची रीत मात्र बदलली. नाव आलं की पोरानं उठायचं, टेबलापाशी यायचं, आणि गुरुजींच्या तळहातावर आपला हात आपटून जायचं. शब्द नको, हात पाहिजे. इन्स्पेक्टर हसायचे, वेळ जातो म्हणायचे. हिवरखेडला बदली होऊन आले तरी तीच रीत, निवृत्तीनंतर ओट्यावरही तीच. पुष्कळ वर्षांनी अकोल्याच्या बसस्टँडवर एक बाई त्यांना पाहून कष्टानं उभी राहिली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाली, बसा गुरुजी. कौतिका होती. त्यांना विचारायचं होतं, तुला आठवतं का. तिची बस लागली, ती गेली. ते तिच्या जागेवर बसून राहिले. जागा ऊबदार होती.

आचलनं सगळं ऐकलं. टोपीच्या शिवणीतला एक दोरा ती ओढत होती. वळणापलीकडून वामनरावांचा आवाज येत होता, कुणाला तरी काहीतरी सिद्ध करून दाखवत होते. तिनं विचारलं, "मंग सिंधूले मारलं का तुमी?"

गुरुजी म्हणाले, नाही. तिनं मैत्रिणीसाठी म्हटलं होतं. तिचं मन चांगलं होतं.

"हाव," आचल म्हणाली. "पण तिनं हजर म्हटलं म्हणूनच तर बस निघून गेली ना."

गुरुजींनी तोंड उघडलं, आणि या वेळी ते मिटायचं राहिलं. समोरचा रस्ता दिसेना. त्या जागी त्यांना हिवरखेडचा ओटा दिसला, नवा चुना दिलेला. संध्याकाळ. पोरं पाढे म्हणून आपापल्या घरी गेलेली. फळ्यावर कुणाचं तरी अर्धं गणित. दाराआत ते, खाली बसलेले, उठता येत नाही म्हणून बसलेले. आणि इकडं अमरावतीत दामिनी कणीक मळते आहे, निश्चिंत, कारण तिच्या रजिस्टरमध्ये 'ह' आहे. कुणी उलटं फिरणार नाही. वलगावला पुडी उरणार नाही.

आचलच्या गळ्यातला फोन वाजला. पडद्यावर 'आई' अशी अक्षरं थरथरत होती. आचलनं आजोबांकडं पाहिलं. त्यांना मान हलवता आली असती, इकडं किंवा तिकडं. एक बोट वर करून, कठड्याच्या दिशेनं, नुसती खूण करता आली असती. पोरगी टोपी घेऊन पळाली असती, तिचे पाय चांगले होते. त्यांनी काहीच केलं नाही. ते इतके थकले होते की त्यांना वाटलं, कुणीतरी आपली हजेरी घ्यावी आणि खरी घ्यावी. मग हिवरखेड गेलं तरी चालेल. चालणार नव्हतं. पण तसं वाटलं खरं.

आता बघा मुलांनो, आचलनं पुढं काय केलं. तिनं फोन कानाला लावला. पलीकडून दामिनीनं विचारलं, पोचले का वर, फोटो काहून नाही आला? आचल म्हणाली, "आई, आबा वर गैरहजर हायेत. ते तिसऱ्या बाकावर हायेत. मी बी इथंच हाय. तू ये." पलीकडं किल्ल्यांचा आवाज आला आणि फोन बंद झाला. आचलनं फोन पुन्हा गळ्यात सोडला. टोपी झटकली आणि आजोबांच्या डोक्यावर ठेवली, जरा वाकडीच. मग ती त्यांच्या अगदी जवळ सरकून बसली, गुडघे जवळ घेतले, आणि त्यांचा उजवा हात उलटा करून त्या तळहातावर आपला हात जोरात आपटला. हात तिनं उचलला नाही. आई दिसेपर्यंत ती जागची उठलीसुद्धा नाही.